आज पाणी किती

काचबिंदूने डोळे गेल्यावर मी एक तोरा मिरवायला लागले होते. समोरचा काय लपवतोय ते मला आवाजावरून कळतं, असा. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांवर हा प्रयोग चालायचा. मुलगी म्हणायची, "आई, तू पोलिसात असायला हवी होतीस."

घरात आम्ही दोघीच. सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लोक 'बरं आहे ना' विचारायच्या आधी पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलंय ते विचारतात. वर कोयनेतून किती सोडलंय यावर इथे सामान माळ्यावर चढतं. ही पातळी मला रोज मुलगी वाचून दाखवायची. तिला पुण्यात नोकरी लागली होती, आणि रुजू व्हायची तारीख तिने एकदा पुढे ढकलून घेतली होती. आईला पातळी स्वतःची स्वतः वाचता आली तरच जायचं, असं तिनेच ठरवलं होतं.

म्हणून तिने जुन्या लॅपटॉपवर फक्त अक्षरांचा ब्राउझर घातला. नेहमीच्या ब्राउझरमध्ये मला वाचून दाखवणारा आवाज जाहिरातींत अडकायचा. साड्यांचे सेल ऐकून ऐकून माझे कान किटले, पाणी काही सापडायचं नाही. या नव्यात चित्रं नाहीत, हलणारं काही नाही. प्रत्येक लिंकला तिने क्रमांक लावून दिला. तो दाबला की पान उघडतं. कर्सर थांबेल तिथूनच आवाजाने वाचायला लागावं, तेही तिने बसवलं. मराठी अक्षरं नीट यावीत म्हणून सगळ्यात शेवटी एक सेटिंग बदललं, ब्राउझर बंद केला आणि म्हणाली, "आता तू एकटीने कर. मी स्वयंपाकघरात बसते."

तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. मी हेडफोन लावला, ब्राउझर उघडला, क्रमांक दाबला. आवाज म्हणाला, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह. पानभर तेच. आकडेही मराठीत असल्यामुळे तेही त्यातच गेले.

"आलं का गं?" तिने आतून विचारलं.

'नाही' म्हटलं असतं तर बॅग पुन्हा उघडली असती.

"आलं."

"किती आहे?"

पाऊस बेताचाच होता. मी अंदाज बांधला. "बावीस फूट."

आत कुकरची एक शिट्टी झाली.

"बरोबर," ती म्हणाली. "माझ्या मोबाईलवरही बावीसच दाखवतंय."

आपलं नशीब जोरावर आहे, एवढंच माझ्या मनात आलं. दुपारच्या गाडीने ती गेली. "येते," म्हणाली. मी "ये" म्हटलं. बॅगेची चाकं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आली.

संध्याकाळी शेजारची बाई दही द्यायला आली. ती मूळची पलूसकडची. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, पाणी बाविसाच्या वर गेलं का.

"बावीस कुठलं आवं ताई? सकाळधरनं सतरावरच हाय. काय भ्यायचं न्हाई."

ती गेल्यावर मी चहा केला. राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. जीभ पोळल्यावर चव जाते, तसं. मी थापा मारत्येय हे तिला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी ती गेली. मलाही ती जायलाच हवी होती. मग तक्रार कुणाची करायची? कप विसळून पालथा घातला.

पुढे एकदा बसून मी सेटिंगच्या पानावरची एकेक ओळ ऐकली; ते पान इंग्रजीत, म्हणून वाचलं जायचं. अक्षरांचं सेटिंग तिने बदललं होतं, पण 'जतन करा'च्या चौकोनात खूण करायची राहिली होती. त्यामुळे ब्राउझर बंद झाल्याबरोबर ते गेलं. मी पुन्हा बदललं, खूण केली. आवाजाने पातळी सांगितली, अगदी स्वच्छ मराठीत.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "आज पाणी किती?" मी वाचून सांगते, खरा आकडा. ती म्हणते, "बरोबर." मी कान देऊन ऐकते. त्या दिवशीचं 'बरोबर' आणि आजचं, मला दोन्हींत काहीही फरक ऐकू येत नाही.