व्हरांड्यात बसलेली माय

एसटी आली तेव्हा आबांनी माझी पेटी टपावर चढवली, मग स्टोव्ह, पिठाचा डबा आणि शेवटी वाकळांचं गाठोडं. पत्र्याच्या शेडमधल्या बायका दारात येऊन बघत होत्या. आठवीला लातूरला मी निघाले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण माझ्यामागून मायही चढली आणि खिडकीशी बसली, तेव्हा सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. नवरा, जित्राब, रान मागं टाकून बाई पोरीसंगं शाळेच्या गावाला निघाली, असं आमच्याकडं कुणी ऐकलेलं नव्हतं. आबा खाली उभे राहून एवढंच म्हणाले, "नीट ऱ्हावा दोघी." गाडी हलली आणि मायनं पदर तोंडावर घेतला.

गाववाल्यांनो, तुम्ही जे तिथंच राहिलात, पुढं पक्क्या घरांत गेलात, आणि जे माझ्यासारखे पांगलात, त्या तुम्हाला ते शेड सांगायला नको. पण आपली लेकरं आता विचारतात, म्हणून लिहिते. भूकंप झाला त्या रात्री आबा रानात जागलीला होते. मला ताप होता, आत घुसमटायला लागलं म्हणून माय मला घेऊन अंगणात झोपली. बाळू, माझा धाकटा भाऊ, आत त्याच्या नेहमीच्या जागेवर झोपला. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर. आम्ही दोघी वाचलो. त्यावर जास्त लिहवत नाही.

त्यानंतर माय छताखाली झोपलीच नाही. थंडीत बाहेर, आणि पाऊस आला तर शेडच्या दारात अर्धी आत, अर्धी बाहेर. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती, तीही पत्र्यात भरायची. सातवी झाल्यावर गुरुजी आमच्याकडं आले, म्हणाले पोरगी हुशार आहे, लातूरला घाला. आबा लगेच तयार झाले. माय म्हणाली, आधी मी शाळा बघीन.

ती शाळा बघायला गेली ती गोष्ट मी अजून हसत सांगायला घेते आणि मध्येच हसू जातं. मुख्याध्यापक सर शाळेचा निकाल सांगत होते, प्रयोगशाळेचं सांगत होते, आणि माय सारखी वर बघत होती.

"सर, हे वर काय हाय?"

सरांना वाटलं, बंद पंख्याचं विचारतेय. म्हणाले, शाळा सुरू व्हायच्या आत दुरुस्त करून घेतो.

"पंख्याचं न्हाई. पंख्याच्या वर."

स्लॅब आहे म्हटल्यावर ती उठलीच. मग तिनं लातूरभर पत्र्याची शाळा धुंडाळली. ती पुढं, आबा तिच्या मागं, मी आबांच्या मागं. एक सापडली, पण तिथं आठवीच नव्हती. संध्याकाळी स्टँडवर बसून तिनं सांगून टाकलं, पहिल्या शाळेत घालायचं तर मी पोरीसंगं लातूरला ऱ्हाणार, न्हाईतर पोरगी घरी. मी काय बोलणार? मला शिकायचं होतं.

रशीदा खाला म्हणून एका बाईंकडं भाड्यानं खोली मिळाली, तीही स्लॅबची. माय म्हणाली, सामान आत ठेवू, आम्ही दोघी अंगणात झोपू. खालांनी कारण विचारलं नाही. त्या वर्षी लातुरात असलं कारण कुणी कुणाला विचारत नव्हतं. त्यांनी आपली बाज बाहेर काढून दिली. "बाई, अंगन बी तुझंच समज," म्हणाल्या.

शाळा सुरू झाली आणि माझी फजिती सुरू झाली. माय मला सोडायला यायची आणि परत जायचीच नाही. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. पोरी विचारायच्या, तुझी आई इथं शिपाईण आहे का? मला लई राग यायचा. तेरा वर्षांच्या पोरीला येणारच, त्याबद्दल मी काही माफीबिफी मागत नाही. घरी भांडायचे, रुसून जेवायचे नाही. ती सगळं ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

शेवटी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. बाकीचे पालक बोलायला लागलेत, म्हणाले, असंच बसायचं असेल तर पोरीचा दाखला काढून न्या. दाखला काढायचा म्हणजे परत शेडमध्ये जायचं, आणि शाळा सुटून शेडमध्ये बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं ते मी बघितलं होतं. माझ्या सातवीच्या वर्गातल्या दोघींची लग्नं ठरलीसुद्धा होती. सरांनी खुर्ची दाखवली तरी माय उभीच राहिली.

"लेकरू आत एकटंच गेलं, सर. ही एकटी नको."

तोवर मी समजत होते, माय छताला भिते. अहो, भीत असती तर व्हरांड्यात कशाला बसली असती? वर स्लॅबच होता की. पडलं तर दोघींवर पडावं, म्हणून ती येऊन बसत होती. मी तिथंच रडायला लागले.

सरांनी शिपायाला बोलावून आमचा वरच्या मजल्यावरचा वर्ग खाली मैदानाकडच्या खोलीत हलवायला सांगितला, आणि माझं बाक दाराशी लावायला सांगितलं. मायला म्हणाले, बसा तुम्ही.

दिवाळीनंतर एका दुपारी गणिताच्या तासाला बाकं थरथरली. तसे लहान हादरे अधूनमधून यायचेच, पण वर्गात असताना पहिल्यांदाच आला. पोरी किंचाळायला लागल्या. मी शेजारच्या सुमनचा हात धरून तिला बाहेर ओढलं, आणि बघते तर माय जागच्या जागी बसलेली. डोळे माझ्यावर, पण उठता येईना. मी तिच्या दंडाला धरून उठवलं आणि मैदानात नेलं. काही पडलं नाही, भिंतीचा पोपडासुद्धा नाही. तास पुन्हा सुरू झाला, पण मैदानातून माय माझ्याकडं बघतच राहिली.

आता मी नांदेडला शिकवते, तेही आठवीलाच. जूनमध्ये लोहा, मुदखेडकडची लेकरं येतात, हजेरीला "हजर"च्या जागी "हाव" म्हणतात, शहरातली पोरं फिदीफिदी हसतात, आणि मी शहरातल्यांना दरडावते. त्यांच्या आयाही येतात. खोली करून राहणं ही आता रीतच झाली आहे. लातुरात तर गल्ल्याच्या गल्ल्या अशा आयांच्या आहेत. तोंडात बॅच, टेस्ट सिरीज, रँक, आणि गावाकडं बाप एकटा भाकरी थापून खातोय. मला विचारतात, मॅडम, कोणता क्लास लावू? मी सांगते. मग हेही सांगते की पहिले काही दिवस क्लासबिस राहू द्या, लेकरू शाळेतून येईल तेव्हा घरात असा. ऐकतात की नाही, कोण जाणे.

मागं एका लग्नात चुलतभाऊ म्हणाला, ताई, गावात पक्कं घर मिळालंय, नांदेडला तुझा फ्लॅट आहे, मग यातल्या कशाला तू घर म्हणतेस? पंगत बसत होती, मी वाढायला उठले. आता सांगते.

त्या हादऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माय मला सोडायला आली नाही. म्हणाली, जा तू, वाट ठाऊक हाय तुला. दिवसभर माझं ध्यान वर्गात नव्हतं, सारखी दाराबाहेर बघत होते. शाळा सुटली तशी पळत आले. अंगणातली बाज रिकामी होती. खाला त्यांच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आमच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि आत, छताखाली, माय भुईवर गाढ झोपली होती. चांगली घोरत होती. मला भूक लागली होती, पण मी तिला उठवलं नाही. चपला काढल्या, आत गेले आणि तिच्या शेजारी आडवी झाले.