भावोजींचा गुडघा

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न एका गुडघ्याशी झालं. त्या गुडघ्याबरोबर एक माणूसही घरात आला, ते आमचे भावोजी.

गुडघा उजवा. तरुणपणी भावोजी व्हॉलीबॉल खेळायचे. चांगलं खेळायचे म्हणे. म्हणणारे बहुतेक तेच. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली असताना त्यांनी जाळ्याजवळ उडी मारली, खाली येताना पाय दुसऱ्याच्या पायावर पडला आणि गुडघा मुरगळला. इथपर्यंत सगळं खरं असावं. पुढचं मात्र दर वर्षी वाढत गेलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो दुसरा खेळाडू साधा पोरगा होता. माझी भाची शाळेत जायला लागली तोवर तो सहा फुटी झाला, आणि ती कॉलेजात गेली तेव्हा त्याने मुद्दाम पाय घातला होता, तोही कुणाच्या तरी सांगण्यावरून. गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं, असं भावोजी सांगतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचे डोळे किंचित मिटतात. मग ऑपरेशन का नाही केलंत, असं मी एकदा विचारलं. तर त्या काळी तेवढा मोठा डॉक्टर कुठे होता, म्हणाले. गुडघ्याच्या मानाने डॉक्टर लहान पडले.

या गुडघ्याने त्यांचं आयुष्य कसं सुखाचं केलं ते बघण्यासारखं आहे. क्रीडा कार्यालयात जुन्या खेळाडूची कीव येऊन त्यांना भांडारात नोकरी मिळाली. चेंडू द्यायचे, चेंडू घ्यायचे, मधल्या वेळात बसायचं. संध्याकाळी क्लबवर आणखी बसायचं. तिथे चार जण त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच पोटाचे. कुणाचा खांदा गेलेला, कुणाची कंबर, आणि सगळ्यांची संधी. एकमेकांच्या थापा ऐकून घ्यायच्या आणि आपली पाळी आली की आपली सोडायची, एवढाच त्या क्लबचा नियम. भावोजींची खुर्ची वेगळी, तिच्यासमोर पाय ठेवायला स्टूल. बस सुटायला लागली की मात्र हेच भावोजी असे पळतात की मागचा माणूस बघत राहतो. चढल्यावर पुन्हा लंगडतात.

आणि ताई? तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. किराणा तिने आणायचा, पिठाची पिशवी तिने, गाद्या पिंजायला न्यायच्या त्याही तिनेच. दिवसभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं आणि संध्याकाळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढायचा. भावोजी वरून दार उघडून ठेवतात. तेवढी माणुसकी आहे त्यांच्यात.

व्हायचं तेच झालं. ताईचा डावा गुडघा गेला. आतली गादी फाटलीय, ऑपरेशन करा, नंतर काही आठवडे जिना नको, ओझं नको, असं सर्जनने स्वच्छ सांगितलं. उशीर केलात तर पुढे चालणंच अवघड होईल, हेही सांगितलं. ताईने मान डोलावली आणि घरी येऊन कुकर लावला. मी भांडले तर म्हणाली, यांचा गुडघा हा असा, मीही आडवी पडले तर घरात करणार कोण? मी म्हटलं, मी येते. तर म्हणे, तुझं दुकान कोण बघणार? माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि लग्नसराई सुरू होती, हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. त्या बाईने तो गुडघा देवासारखा मानला होता, आणि मला त्या भक्तीची भयंकर चीड यायची. अजून येते.

अशात क्रीडा महाविद्यालयातली एक संशोधक मुलगी भावोजींच्या कार्यालयात आली. गुडघ्याची जुनी दुखापत असलेले खेळाडू आणि दुखापत नसलेली त्याच वयाची माणसं, अशा दोन्ही गटांच्या हालचाली आणि मेंदू तिला तपासायचे होते. गुडघ्याचा आणि मेंदूचा संबंध शोधायला एवढी यंत्रं लागतात हे ऐकून मला हसू आलं. अक्कल गुडघ्यात असलेला माणूस आमच्याकडे पहिल्यापासून आहे.

भावोजी सगळ्यात आधी तयार झाले. फोटो काढतील का, नाव छापतील का, प्रमाणपत्र देतील का, एवढं त्यांनी विचारून घेतलं. क्लबवर तर जाहीरच केलं की आता विज्ञानच सांगेल. गुडघ्याचं स्कॅन आधीच्या आठवड्यात झालं. प्रत्यक्ष चाचणीला सोबत कुणीतरी आणा असं सांगितलं होतं. ताईला रजा मिळेना, म्हणून मी गेले. फुकटचा तमाशा कोण सोडतो.

प्रयोगशाळा तळघरात होती. भिंतीवर चहूबाजूंनी कॅमेरे, जमिनीत बसवलेली एक चौकोनी पाटी; तिच्यावर पाऊल किती जोराने पडतं ते कळतं. त्या मुलीने भावोजींना आखूड चड्डी घालायला लावली आणि पायांवर चकाकणारे ठिपके चिकटवले. मग मेंदूतल्या लहरी टिपायला डोक्यावर रबरी टोपी चढवली. टोपीला भोकं, प्रत्येक भोकातून थंडगार जेल आत सोडायचं. त्या अवतारातले भावोजी ताईने बघायला हवे होते, असं मला फार वाटलं. वर ती मुलगी म्हणाली की बोलू नका, जबडा हलला तरी पडद्यावरच्या रेषा बिघडतात. भावोजींना गप्प बसवणारं यंत्र मी प्रथमच पाहिलं. तेवढ्यासाठीच तिला डॉक्टरेट देऊन टाकायला हरकत नव्हती.

जेल भरता भरता ती मला समजावत होती. गुडघ्याला जबर मार बसला की मेंदूही बदलतो, म्हणाली. गुडघ्याकडून येणाऱ्या खबरीवर त्याचा भरवसा राहत नाही. मग तो डोळ्यांवर विसंबायला लागतो. असा माणूस पाऊल टाकताना पायाकडे बघतो, चालताना बोलायला लागलं तर गडबडतो. गुडघा बरा झाला तरी मेंदूची भीती मागे राहते.

मी ऐकत होते, आणि डोळ्यांसमोर ताई आली. जिन्यावर ती एकेक पायरी डोळ्यांनी तपासत उतरते. मध्येच काही विचारलं तर आधी थांबते, कठडा धरते, मग उत्तर देते. मला इतके दिवस वाटायचं, ती दमलेली असते.

चाचणी सुरू झाली. बुटक्या ठोकळ्यावर उभं राहायचं आणि एका पायावर पाटीवर उतरायचं. भावोजी पहिल्यांदा उतरले ते कण्हत. ती मुलगी म्हणाली, आवाजही नको. दुसऱ्यांदा गप्प उतरले. मग तिने समोर पडदा लावला. पडद्यावर बाण दिसेल, त्या बाजूला लगेच वळायचं, बरोबर वळलात की गुण मिळणार. गुण दिसले मात्र, भावोजी गुडघा साफ विसरले. उतरताहेत, वळताहेत, गुणांकडे बघून खूश होताहेत, पुन्हा ठोकळ्यावर चढताहेत. आणि हे सगळं त्या उजव्या गुडघ्यावर, ज्याच्यासाठी माझी बहीण आयुष्यभर पिठाच्या पिशव्या वाहत आली. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी उठून त्यांच्या कानशिलात द्यावीशीही वाटत होती.

टोपी काढून, केस पुसून झाल्यावर तिने आम्हा दोघांना टेबलाशी बसवलं आणि स्कॅन दाखवलं.

"काका, लिगामेंट अख्खं आहे. कधी फाटलंय असं दिसतच नाही," ती म्हणाली. "तेव्हा ताण बसला असेल. दोनेक महिन्यांत बरा झाला असणार. आजही तुमचे दोन्ही पाय सारखेच चाललेत."

भावोजी म्हणाले, स्कॅन दुसऱ्या कुणाचं असेल. तिने नाव दाखवलं. मग म्हणाले, उजवं-डावं उलटं लागलं असेल. तिने डावंही दाखवलं. तेही अख्खंच होतं. मी खिडकीबाहेर बघावं म्हणून मान वळवली, तर तळघराला खिडकी नव्हती.

मुलगी भली होती. त्यांचा चेहरा पडलेला बघून ती समजूत घालायला गेली. दुखापतवाल्या गटात घेता येणार नाही, पण तुमची हरकत नसेल तर दुसऱ्या गटात ठेवते. तुमच्या वयाची धडधाकट माणसं मिळतच नाहीत, म्हणाली. भावोजींना आयुष्यात एवढी मोठी शिवी कुणी दिली नव्हती.

बाहेर बसथांब्यावर ते लंगडत जाऊन बाकावर बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "मेहुणीबाई, हे घरी बोलायला नको. तिला उगाच त्रास होईल."

मी म्हटलं, त्रास तिला रोजच होतो, तीन मजले. तुम्ही सांगा, नाही तर मी सांगते. घर येईपर्यंत विचार करा.

ताई दुकानातून नुकतीच आली होती. डावा पाय खुर्चीवर लांब करून, त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती. आम्हाला बघताच तिने पाय खाली घेतला आणि खुर्ची भावोजींकडे सरकवली. फार दुखलं का हो, असं तिने आधी विचारलं. मला इतकं वाईट वाटलं की मी पाणी प्यायला आत गेले.

बाहेर येते तो भावोजींचं भाषण रंगात आलेलं. सगळ्यांत त्यांचा गुडघा उत्तम निघाला म्हणे. इतका की नमुना म्हणून ठेवून घेतलाय. बाकीच्या खेळाडूंचे गुडघे आता त्यांच्या गुडघ्याशी ताडून बघणार. बसमधून उतरून तीन मजले चढेपर्यंत या माणसाने लाजेचं कौतुक करून टाकलं होतं. मी कपाळाला हात लावला.

ताई मात्र नीट ऐकत होती. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "कधी बरा झाला म्हणाली ती?"

मी सांगितलं. फाटला नव्हताच. ताण होता, दोनेक महिन्यांत गेला असणार. म्हणजे तुमचं लग्न ठरायच्याही आधी.

भावोजी खुर्चीतल्या खुर्चीत हलले, त्या काळी स्कॅन वगैरे कुठे होतं, असं काहीतरी पुटपुटले.

"लेक पोटात होती तेव्हा पाण्याचा पंप जळला होता," ताई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "आठवडाभर मी खालून बादल्या आणल्या. तुम्ही वरच्या कठड्यापाशी उभं राहून सांभाळून ये, सांभाळून ये म्हणत होतात. तेव्हाही तो गुडघा बरा झालेलाच होता."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना कशाला मदत करू? शेवटी ते म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही गं."

"आता सांगितलं ना," ताई म्हणाली आणि तिने हॉस्पिटलला फोन लावला. सर्जनची जवळात जवळची तारीख मागितली. सोमवार चालेल, म्हणाली. पलीकडून त्यांनी घरी करायला कुणी आहे का, असं विचारलं असावं.

"आहे," ताई म्हणाली. "आजच कळलं."