मंगळवारी न जन्मलेली मंगल

नांदेडच्या बसस्थानकाकडे निघालेल्या रिक्षात सरदारजींनी आरशातून माझ्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. “नाव काय ठेवलं ताई?”

“अजून नाही ठेवलं.”

“आमच्यात बरं असतं बघा. ग्रंथसाहिब उघडायचा. पानावरचा पहिला शब्द ज्या अक्षराचा, त्या अक्षराचं नाव. पोरगा असो की पोरगी, तेच नाव चालतं. डोस्क्याला ताप न्हाई.”

त्यांच्या तीन पिढ्या नांदेडातच गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज होती. मला मात्र त्यांच्या त्या पानाचा हेवा वाटला. गेले कित्येक दिवस नावाच्या विचारानं मला एका जागी बसवत नव्हतं.

लेक तीन महिन्यांची झाली होती आणि बारसं गुरुवारी ठरलं होतं. पत्रिकेत ‘व’ अक्षर आलंय, असं नायगावहून सासूबाई फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होत्या. नवरा पुण्याहून नावं पाठवत होता. एकही नाव माझ्या तोंडात बसत नव्हतं. मुलीला नाव द्यायचं म्हटलं की मला माझंच नाव आठवायचं, आणि ते माझं नव्हतंच.

किल्लारीच्या भूकंपात आईवडिलांची दहा वर्षांची मुलगी गेली. मंगळवारची, म्हणून मंगल. दोन वर्षांनी मी झाले ती शनिवारी. तरी नाव तेच ठेवलं. वडील शाळामास्तर होते. ते बदली घेऊन नांदेडला आले आणि चार वर्षांपूर्वी वारले. आई त्या गावी परत कधी गेली नाही. थोरलीविषयी घरात कुणी बोलायचं नाही. तिचा फोटोसुद्धा ढिगाऱ्यात राहिला होता. मी कुणाचं नाव लावून फिरते आहे, हेच मला माहीत नव्हतं. म्हणून किल्लारीला निघाले होते.

“लेकराला घेऊन कशाला त्या मातीत जाऊन ऱ्हायलीस?” आई निघताना म्हणाली होती. तिनं भाकरी-चटणी बांधून दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काळं रान आणि त्यात फुलोऱ्यातली पिवळीधमक तूर. बाळ झोपलं तरी मी खिडकी उघडत होते, लावत होते. शेजारी उदगीरकडच्या एक आजी होत्या, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. बाळाचं नाव अजून ठेवलं नाही म्हटल्यावर त्यांनी माझं आडनाव विचारलं.

“चिंतलवार. सासरचं.”

“तेलगू हाय की मग! चिंत म्हंजे चिंच. चिंचेच्या झाडापाशी ऱ्हानारे आसतील तुमचे जुने लोक. आमच्याकडं कानडी. माझ्या सासऱ्याचं नाव कल्लप्पा. कल्लू म्हंजे दगड.”

चाकूरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. आम्ही सगळे उतरून कडुलिंबाखाली उभे राहिलो. कल्लप्पाची गोष्ट ऐकून कंडक्टर पुढे आला.

“आजी, मीबी दगडूच हाय. माझ्या आधीची दोन लेकरं जगली न्हाईत. मग आईनं ठरवलं, आता आसं नाव ठेवायचं की यमाला वाटलं पायजे, ह्ये काय उचलून न्यायचं?”

सगळे हसले. तेवढ्यात बाळानं आजींच्या लुगड्यावर दूध काढलं. मी कानकोंडी झाले, पण आजी पदर झटकत म्हणाल्या, “आसू दे गं. बिननावाच्या लेकराला कुनी रागवावं?”

लातूरला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. चहा घेऊन थांबायला हवं होतं, पण थांबवेना. औशाहून पुढे जीप मिळाली आणि दाटीवाटीत किल्लारी आलं.

नवं गाव रेघा ओढल्यासारखं सरळ आहे. आमची गल्ली कुठे होती, हे त्या सरळ रस्त्यांवर कुणाला विचारणार? फाट्यावर बांगड्यांचं एक दुकान दिसलं. चाळिशी ओलांडलेल्या बाई एका नवरीला चुडा भरत होत्या. मी म्हटलं, “जुन्या गावातलं कुणी भेटेल का? माझं नाव मंगल.”

“कोन्ती मंगल?”

“गुरुजींची. धाकटी.”

त्यांच्या हातातली बांगडी तिथंच थांबली. नवरीचा हात हळूच खाली ठेवून त्या उठल्या आणि माझी हनुवटी धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. “नंतरची,” त्या म्हणाल्या. “मी शबनम. तुमच्या-आमच्या घराची भिंत एकच व्हती.”

दुकान शेजारणीवर सोपवून त्या मला जुन्या गावात घेऊन गेल्या. दगडांचे ढीग, त्यांवर वेड्या बाभळी, मधून शेळ्यांची वाट. एका ढिगापाशी त्या थांबल्या. “हितं.” मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बाळ कुशीत चुळबुळत होतं आणि मला फक्त तिथून निघावंसं वाटत होतं.

“कशी होती ती?” मी विचारलं.

शबनमआपा एका दगडावर बसल्या. “तिला तिच्या नावाचा लई राग. वर्गात तीन मंगल. मास्तरांनी हाक मारली की तिघी उभ्या. एकदा मला म्हनली, शबनम म्हंजे काय गं? मी अम्मीला विचारून सांगितलं, दव. तर म्हनली, मला दे तुझं नाव, माझं तू घे. मग काय! शाळेच्या वाटेवर मी मंगल, ती शबनम. घर आलं की ज्याचं त्याला.”

मी हसले. आणि मग मात्र रडू आलं.

“रडू नगं. नव्या गावात तुझ्यासारख्या कितीतरी हायत. ज्यांची गेली त्यांनी तीच नावं परत ठेवली. हाक मारायला तोंडाला सवय व्हती ना.”

रात्री त्यांनी जाऊ दिलं नाही. खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट सार) केला. जेवताना त्या सांगत राहिल्या: ती बोरं खाऊन बिया मोजायची, पावसाला घाबरायची, गणपतीत नाचायची. तिथे मी गाढ झोपले, कितीतरी दिवसांनी.

परतताना औशाजवळ एक नाव सुचलं. वीणा. माहेरी किंवा सासरी हे नाव आधी कुणाचंच नव्हतं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “हेच तर मी पहिल्या दिवशी पाठवलं होतं.” खरं असेल. तेव्हा मला ते ऐकू आलं नसावं.

संध्याकाळी घरी पोचले तर आई दारातच उभी होती. तिनं बाळ घेतलं, पाळण्यात घातलं आणि काही न विचारता आत वळली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

“आई, शबनम भेटली. भिंतीपलीकडची.”

ती वळली नाही. मी नावांच्या अदलाबदलीची गोष्ट सांगितली. ती ओट्यावरची भांडी उगाच सरकवत राहिली. आपण हे बोलायला नको होतं, असं मला वाटून गेलं.

“तरीच!” आई म्हणाली. “एकदा मी दारातनं हाक मारली, मंगल म्हणून, तर शबनमच ‘ओ’ म्हणत पळत आली. मला वाटलं, ह्या पोरीला कमी ऐकू येतंय. मी तिच्या अम्मीला सांगितलं, कानात तेल घालत जा. बिचारीच्या कानात कितीक दिवस तेल घातलं असंल!”

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तीस वर्षांत थोरलीची एखादी नवी गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती.

मग तिनं पाट ओढला, खाली बसली आणि मलाही हाताला धरून बसवलं.

“आन् काय काय सांगितलं तिनं? सगळं सांग.”