चारूची उत्तरं

अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या मराठी मंडळींत चारुदत्त दाणी नसला की पार्टी सपक व्हायची. मूळचा नागपूरचा, पेशानं सॉफ्टवेअरवाला, आणि चार माणसं दिसली की त्यांना हसवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. आपण हसवतो हे त्याला ठाऊक होतं आणि जरा जास्तच आवडत होतं. त्याचा हुकमी एक्का म्हणजे घरच्या आन्सरिंग मशीनची छोटीशी कॅसेट.

त्याची आई शरयू बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झालेली. ती नागपुरातून संध्याकाळी फोन करायची, तेव्हा इथे सकाळ असायची आणि चारू नि त्याची बायको रेणू ऑफिसच्या वाटेवर. मग मशीनच फोन घ्यायचं. "चारू, मी आई. जेवून राहिला ना वेळेवर?" एवढं बोलून ती थांबायची, चांगले चार-पाच सेकंद. मग "बरं." मग "सर्दी कशी आहे?" पुन्हा शांतता. "हं. वाफ घे मग." मशीनशी तिच्या अगदी रीतसर गप्पा चालायच्या.

दोन वर्षांतले असे सात-आठ निरोप चारूनं पुसले नव्हते. पाहुणे जमले की तो कॅसेट लावायचा आणि मधल्या शांततेत स्वतः उत्तरं भरायचा. "जेवून राहिला ना वेळेवर?" "हो आई, कालचा पिझ्झा, थंडगार." "बरं." लोकांची हसून हसून मुरकुंडी वळायची.

सगळे एकाच गोष्टीला हसत नसत. पुण्याच्या मंडळींना तिच्या नागपुरी बोलीचंच हसू यायचं. केदार सगळ्यांत मोठ्यानं हसायचा, कारण त्याचीही आई मशीनशी असंच काहीबाही बोलायची, आणि हसून टाकलं की तिची आठवण सोसायची. शोभनाकाकू मात्र कधीच हसल्या नाहीत. त्या एकाहत्तर साली डॉक्टर नवऱ्याबरोबर आलेल्या. तेव्हा घरचं पत्र यायलाच पंधरा दिवस लागत. एकदा त्या एवढंच म्हणाल्या, "आवाज छान आहे रे तुझ्या आईचा." काकूंची विनोदबुद्धी इथल्या एसीत गारठली, असं चारूनं त्या दिवशी गाडीत रेणूला सांगितलं. रेणूनं रेडिओचा आवाज वाढवला.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आई आली. तिची ओळख करून द्यायला चारूनं शनिवारी दुपारी सगळ्यांना घरी बोलावलं. तिनं सांबारवडी केली, कोथिंबीर ठासून भरलेली. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आपण दिवसभर वर्गात कसं शिकवलं, तेही रंगवून सांगितलं. सगळे हसले. ती हसवायची ते असं, स्वतःलाच पुढे करून. मग दुसरा घाणा काढायला ती स्वयंपाकघरात गेली.

"चारू, ती कॅसेट लाव ना यार," केदार म्हणाला. "आज तर ओरिजिनल घरात आहे."

"आज नको," रेणू हळूच म्हणाली.

चारूनं तिचं ऐकायला हवं होतं. पण वीसेक चेहरे त्याच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्याची त्याला चटक लागली होती. त्यानं बटण दाबलं. थंडगार पिझ्झा झाला, सर्दी झाली, हशा उसळला, आणि दारात आई उभी होती. हातात वड्यांचं ताट. तिनं स्वतःचा आवाज ऐकला, मग लेकाचं उत्तर, मग लोकांचं हसणं. ती दिसली तसे एकेक जण गप्प झाले. तेव्हा तीच हसली. "वेडीच आहे मी. घ्या, गरम आहेत तोवर," म्हणत तिनं प्रत्येकाला वाढलं. चारूला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाजही वाटली.

सकाळी चहाच्या वेळी त्यानं विचारलं, "आई, राग नाही ना आला?"

"राग कशाला? मजा आली लोकांना." तिनं बिस्किट चहात बुडवलं. "पण मला माहीत होतं रे, ते मशीन आहे म्हणून."

"मग थांबायचीस कशाला?"

"तू घरी येऊन ऐकशील तेव्हा मध्ये मध्ये बोलशील, असं वाटायचं. वर्गात नाही का, प्रश्न विचारला की पोरांसाठी थांबावं लागतं." मग दुसरं बिस्किट घेत म्हणाली, "तू बोलतच होतास म्हणा. मला काल कळलं."

दोन वर्षांत तिच्या प्रत्येक प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं होतं, आणि त्यातलं एकही तिला दिलं नव्हतं. माफी मागावी असं त्याला फार वाटलं. पण तोंडाशी आली ती कोटीच, सवयीनं. ती त्यानं गिळली, आणि माफीही तिच्याबरोबर गेली.

ऑक्टोबरात आई परत गेली. दोन दिवसांनी चारू संध्याकाळी घरी आला तर मशीनचा दिवा लुकलुकत होता. गाडीची किल्ली हातात तशीच ठेवून त्यानं बटण दाबलं. या वेळी खरं उत्तर द्यायचं, तिथल्या तिथे, मोठ्यानं, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

"चारू, मी आई. पोचले. गुडघा बरा आहे. तुम्ही दोघं नीट असा. काळजी करू नका. ठेवते."

त्यानं कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकली, मग आणखी एकदा. आई कुठेच थांबली नव्हती.