बादलला चारलेले मनुके

बादलनं तिसरी उलटी केली तवा डॉक्टरसाहेब त्याच्या पोटावर हात ठेवून बसले होते. शेठजी मागं उभे. मी त्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्तो.

"सकाळपासून काय खाल्लं यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दही-पोळी, साहेब. अन् रोजच्या पाच ब्लूबेरी."

"अजून?"

"अजून काहीच न्हाई."

हे 'काहीच न्हाई' मी इतकं जल्दी बोललो की ऐकणारा थोडा निवांत असता तर तिथंच धरला असता मला.

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका सीड प्लांटवर कामाला होतो. सीड प्लांट म्हणजे शेतातून आलेलं बियाणं चाळायचं, कीड लागू न्हाई म्हणून त्याला औषध लावायचं अन् पिशव्यांत भरायचं. यातलं मला काहीच येत नव्हतं. शाळेत गेल्तो मी, पण दरवाज्यापर्यंत. म्हणून शेठजींनी गेटवर ठेवलं अन् कुत्र्याची ड्युटी दिली. कागदावर मी वॉचमन, पण समदे म्हणायचे 'बादलचा माणूस'. बराबर होतं ते. साहेब तो, हाताखाली मी.

बादल काळा लॅब्राडोर. शेठजींचं घर जैन, त्यामुळं कुत्रंही जैन. दाळ, पोळी, दही, काकडी, उकडलेला भोपळा. कांदा-लसूण बंद. मी डब्यात लसणाची चटणी आणली की तो लांबून वास घ्यायचा अन् मी पाठ करून खायचो, जशी काय चोरीच.

खरी चोरी पुढं आहे.

शेठजींची लेक नीलमताई अमेरिकेत दिलेली. त्या साली दिवाळीला आली, अन् बादलसाठी ब्लूबेरीचं मोठं पाकीट घेऊन आली. ब्लूबेरी म्हणजे तिकडचं जांभळासारखं बारीक फळ, वाळवलेलं. मला समोर बसवून तिनं समजावलं, "काका, ही बिनसाखरेची आहे. रोज चार-पाच दाणेच द्यायचे. जास्त झाले तर पोट बिघडेल. आधी पाण्यात भिजवून मऊ करायचे, अन् एकेक द्यायचा, घशात अडकायला नको. आणि बाजारातलं साखर लावलेलं, चॉकलेट लावलेलं तर अजिबात नाही."

मी म्हटलं, "ताई, इतकी काळजी आमच्या सासऱ्यानं जावयाची केली न्हाई."

मंग रोजचा रिवाजच पडला. शेठजी सकाळी प्लांटवर आले की मी वाटी न्यायची. बादल पंजा द्यायचा. शेठजी आपल्या हातानं एकेक दाणा चारायचे. त्याच्याबिगर ते ऑफिसात पाय ठेवायचे न्हाईत. प्लांटवर कुणाशी हसून बोलायचे ते तेवढंच.

आता पाकीट माझ्या ताब्यात. एक दिवस वाटलं, बघावं तरी अमेरिकेचं कुत्रं काय खातं. एक दाणा तोंडात टाकला. गोड, थोडा आंबट. वाईट न्हाई. दुसऱ्या दिवशी दोन टाकले. मंग चहासंगं खायला लागलो. कुत्रं दिवसाला पाचवर राजी होतं, मी मुठीवर गेलो. संक्रांत यायच्या आधीच पाकीट उताणं पडलं.

शेठजींना काय सांगावं? कुत्र्याचा खाऊ मी खाल्ला म्हणून? मारलं असतं तर बरं, पण अख्खा प्लांट हसला असता.

घरी कौसल्या, माझी बायको, रोज रात्री काळे मनुके भिजत घालायची. ते वाटीत बघितले अन् माझं डोकं चाललं. डोकं माझं कधीकधीच चालतं, अन् चाललं की असंच चालतं. तोच रंग, तेवढाच दाणा, तशाच सुरकुत्या. मोंढ्याच्या बाजारातून चांगले काळे मनुके आणले. म्हटलं, ब्लूबेरी काय अन् मनुका काय, उलट आपलं देशी फळ अंगाला जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी वाटीतले पाच दाणे चारले. बादलनं पंजा दिला. कुणाला काहीच कळलं न्हाई. शेठजी आत गेल्यावर मला बादलची दया आली. त्याचं इतके दिवस खाल्लं मी, म्हटलं आज भरपाई करू. दोन मुठी भरून चारल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं पहिली उलटी केली.

शेठजींनी फोन करून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांना पहिला संशय आला बियाण्याचा. औषध लावलेलं बियाणं गुलाबी असतं अन् ते विषच. शेठजींनी गोदामवाल्या बाबूरावला हाक मारली.

"पोतं उघडं ठेवलं होतं का तू?"

"न्हाई शेठजी, आईशप्पत!"

"मग कुत्रं असं पडलं काहून?"

बाबूरावचं तोंड एवढंसं झालं. दोन लेकरांचा बाप, अन् शेठजी बियाण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकायचे न्हाईत. इकडं डॉक्टर विषाच्या उताऱ्याची सुई भरून राह्यले होते. भरता भरता सहज बोलले, "बियाणं खाल्लं असलं तर हे लागू पडेल. नसलं तर हेच इंजेक्शन त्याला महागात पडेल. पण दुसरं काही खाल्लेलं नाही ना?"

बादलनं माझ्या मांडीवर पंजा ठेवला. त्याला वाटलं असंल, एक दाणा भेटंल.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "मनुके खाल्ले त्यानं. दोन मुठी. मीच चारले."

"मनुके कुठून आले?" शेठजी म्हणाले.

मंग समदं सांगितलं. पाकीट, चहा, मूठ, बायकोची वाटी, समदं. बाबूराव हसावं का रडावं अशा तोंडानं माझ्याकडं बघत राह्यला. शेठजी आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. पहिले पाच त्या हातानं गेल्ते.

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली. "द्राक्षं अन् मनुके कुत्र्याच्या किडनीला बाधतात. एखाद्याला मूठभर पचतात, एखादा चार दाण्यांत जातो. कोण कसा ते आधी कळत नाही, म्हणून एकही द्यायचा नाही."

"पण साहेब, मी तर रोज खातो."

"तू कुत्रा आहेस का?"

बाबूराव हळूच बोलला, "खाऊ तर त्याचाच खाल्ला यानं."

डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन देऊन राह्यलेले मनुके काढले, विष शोषून घेणारी कोळशाची पावडर पाण्यातून पाजली अन् पायाला सलाइन लावलं. रक्त तपासायला नेलं. म्हणाले, "आता लघवीवर लक्ष ठेव. झाली तर किडनी चालू आहे समज. नाही झाली तर माझ्या हातात फार काही राहत नाही."

सलाइनची बाटली धरायला मीच बसलो. कुणी सांगितलं न्हाई, कुणी हटवलं पण न्हाई. तो दिवस गेला, कोरडा. दुसऱ्या दिवशी कौसल्या डबा घेऊन आली, समदं ऐकलं अन् म्हणाली, "कुत्र्याच्या तोंडातलं खाल्लंत? घरी मी उपाशी ठेवते का तुम्हाला?" मी खाली बघून जेवलो. शेठजी दोनदा आले, बादलच्या डोक्यावर हात फिरवून गेले. माझ्याकडं बघितलं न्हाई.

तिसऱ्या प्रहरी बादल डुलत डुलत उठला. दोन पावलं टाकली, माझ्या पायाला टेकला, मागचा पाय वर केला अन् माझ्या खाकी पँटीवर धार सोडली. मी हललो न्हाई. हललो अन् थांबली तर? बाटली धरून तिथूनच ओरडलो, "शेठजी! झाली! झाली!"

अख्खा प्लांट जमा झाला. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी विचारलं रंग कसा आहे. आता खाकी पँटीवर रंग काय सांगावा? मी म्हटलं, "साहेब, गरम आहे, एवढं बराबर सांगतो."

शेठजी हसले. मंग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चोरीसाठी तुला काढलाच असता. पण सुई टोचायच्या आधी बोललास. घरी जा, पँट बदलून ये. ड्युटी तुझीच आहे."

रक्ताचा रिपोर्टही बरा आला. बादल त्याच्यानंतर खूप वर्षं जगला, म्हातारा होऊन गेला. डॉक्टरसाहेब आता न्हाईत, पण त्या दवाखान्यावरून जाताना माझा हात आपोआप जोडला जातो. शेठजींचं मीठ मी रिटायर होईपर्यंत खाल्लं. नीलमताई पुढच्या खेपेला आली तवा माझ्यासाठी वेगळं पाकीट घेऊन आली, अन् समद्यांच्या देखत दिलं. लाज गिळून घेतलं. चांगलं लागलं.

माझ्यासारख्या अडाण्याला एवढंच कळलं, की माणसाला मानवतं ते कुत्र्याला मानवतंच असं न्हाई. अन् चोरी केलीच, तर बदली माल आणायच्या आधी डॉक्टरला विचारावं.