मालगाडीचा टप्पा

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. वर्षभर लोकांना उभ्या जागी वर न्यायचं आणि एक दिवस सुट्टी काढून स्वतः रात्रभर डोंगरावर पायाने पळायचं, हे काय डोकं म्हणायचं ते मला कधी कळलं नाही. आता तो जाऊन चार महिने झाले आणि मी पण तो डोंगर चढून आले. तरी कळलंय असं नाही. पण सांगते.

घरात तो फार बोलायचा नाही. बूट दाराबाहेर काढायचा, ग्रीसचे हात कपड्याच्या पावडरीने घासायचा आणि जेवायला बसायचा. पाणी पाहिजे असलं तरी नुसता पेला पुढे सरकवणार. काही विचारलं की एकच उत्तर, "चढ संपला ताई, आता उतारच आहे." काम कसं चाललंय, तर हेच. बोट मशीनच्या पट्ट्यात अडकून नख गेलं तेव्हा हेच. बायकोचं बाळंतपण अडलेलं, आम्ही सगळे देवाकडे बघावं तसं डॉक्टरच्या तोंडाकडे बघतोय, आणि हा बाकड्यावर बसून हेच. जायच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे आला तर जिन्यात मधेच बसला. मी वरून विचारलं, काय रे. त्याने छातीवरचा हात काढला आणि तेच म्हणाला. मग एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत तो पडलेला सापडला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय, की त्याला माहीत होतं का. माहीत असून मला बनवलं, का त्याला खरंच तसं वाटत होतं. विचारणार कुणाला.

मग त्याच्या डोंगरावर पळायच्या टीममधले तिघं भेटायला आले. एक ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, एक न्हावी, आणि एक बालवाडीतली बाई, तिला सगळे बाईच म्हणतात. पलंगावर दाटीने बसले आणि त्याच्याबद्दल बोलायला लागले, तर मला वाटलं हे चुकून दुसऱ्याच घरात आलेत. गाडीत गाणी काय म्हणायचा, सगळ्यांच्या नकला काय करायचा, कुणाचा डोळा लागू द्यायचा नाही. आमचा मालगाडी, आमचा मालगाडी. मी विचारलं हा मालगाडी कोण. न्हावी म्हणाला, तुमचाच भाऊ. सगळ्यात हळू पळायचा, पण पोचायचा. मी त्याच्या बायकोकडे बघितलं, तर ती माझ्याकडे बघत होती. तिलाही हा माणूस माहीत नव्हता.

ते पळणंही मला तीनदा समजावून सांगावं लागलं. मला वाटायचं टीममधले सहाही जण हातात हात घालून पळतात. तसं नाही. डोंगराचे सहा टप्पे, एकेकाने एकेक टप्पा पळायचा, मनगटावरचा पट्टा काढून पुढच्याच्या मनगटावर चढवायचा. बाकीचे गाडीने पुढे जाऊन वाट बघत बसतात. मी म्हटलं मग एकत्र कुठे पळता. ड्रायव्हर म्हणाला, पळत नाही ताई, एकत्र थांबतो.

आता सहावा माणूस नव्हता. सहा नसले तर शर्यतीत उभं करत नाहीत, आणि बाहेरचा कुणी त्याच्या टप्प्यावर नको म्हणे. चालत गेलं तरी चालतं, फक्त वेळेत पोचायचं. त्यांनी त्याच्या बायकोला विचारलं, तर तिने कडेवरचं पोर दाखवलं आणि म्हणाली, ताईंना विचारा, त्या दिवसभर उभ्याच असतात. मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. एवढीच माझी लायकी. मी हो कशी म्हणाले ते मला आठवत नाही. तो तिकडे जाऊन काय करायचा ते बघायचं होतं बहुतेक.

शर्यतीच्या रात्री त्याचा नंबर माझ्या छातीवर लावला, त्याचा दिवा माझ्या कपाळावर. दिव्याचा पट्टा माझ्या डोक्याला सैल पडत होता, बाईने मागे गाठ मारून दिली. ड्रायव्हरने बजावलं, टप्पा संपतो तिथल्या टेबलापर्यंत वेळेत मनगटाचा पट्टा नाही पोचला तर टीम बाद, सगळ्यांना तिथूनच गाडीत घालून परत आणतात. इतकी वर्षं शेवटून पहिले आलोय, पण मालगाडीच्या टप्प्यावर बाद कधी नाही झालो. हे आत्ता सांगायची काय गरज होती.

न्हावी धापा टाकत आला. माझ्या मनगटावर पट्टा चढवला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "चढ संपला ताई. पुढे उतारच आहे."

माझ्या भावाचं बोलणं ह्याच्या तोंडात. आणि खरं सांगते, मी विश्वास ठेवला. हा मागून आलेला माणूस, ह्याला पुढचं काय दिसणार, पण एवढा विचार कोण करतंय. उतार आहे तर काठी कशाला, म्हणून त्यांनी दिलेली काठी ड्रायव्हरच्या हातात परत दिली आणि निघाले.

पहिल्या वळणानंतर जो चढ लागला तो संपेचना. दगड, मुळं, परत दगड. दिव्याच्या उजेडात फक्त माझेच बूट दिसायचे. मला वाटलं मी वाट चुकले, उतार दुसरीकडेच राहिला. परत मागे फिरले. तर खालून येणाऱ्या दोन पोरी म्हणाल्या, काकू, वाट हीच, वर चला. म्हणजे तेवढा तुकडा मी दोनदा चढले. न्हाव्याला शिव्या घातल्या, मग भावाला घातल्या, मोठ्याने. जिवंतपणी कधी घातल्या नव्हत्या. एका दगडावर बसले, हात छातीवर ठेवला, धडधड थांबेना. मागून एक म्हातारा आला, त्याने विचारलं बरं वाटतंय ना. मी हात खाली घेतला आणि म्हटलं, हो हो, झालंच आता.

तो गेला पुढे. मी तिथेच बसून राहिले. मी असं का म्हणाले. मला तर काहीच बरं वाटत नव्हतं. आणि मी खोटंही बोलले नव्हते, तोंडातून आपोआप आलं.

मग उठले. वेळ संपत आली असणार, काठी नाही, तर हात गुडघ्यावर दाबत चढले.

टेबलाजवळ पोचले तेव्हा तिथली माणसं पाण्याचे डबे आवरायला लागली होती. बाई हात पुढे करून उभी. मी पट्टा तिच्या मनगटावर चढवला. ती हलेना. टेबलामागचा माणूस घड्याळ दाखवून म्हणाला निघा, वाट बंद करतोय. ती माझ्याकडेच बघत उभी. मला वाटलं पट्टा उलटा घातला का काय, मी तो फिरवून बघितला.

ड्रायव्हर गाडीजवळून म्हणाला, "ताई, पुढे काय आहे ते सांगा ना तिला."

मी म्हटलं मला काय माहीत, मी मागून आले. कुणी हसलं नाही. मी मान वर केली. पुढे गेलेल्यांचे दिवे वर, त्याच्याही वर, पार आभाळाला चिकटल्यासारखे. उतार कुठेच नव्हता.

"चढ संपला बाई," मी म्हटलं. "पुढे उतारच आहे."

ती हो म्हणाली आणि निघाली. तिचा दिवा वर वर जाताना दिसत राहिला. टेबलवाल्याने तिच्यामागे वाटेवर आडवी दोरी बांधली.

गाडीत ड्रायव्हरने सांगितलं, ही रीत तुमच्या भावानेच पाडलेली. पहिल्या वर्षी पट्टा देताना म्हणाला, आणि पुढचा अख्ख्या वाटेने त्याला शिव्या देत गेला. तेव्हापासून ते ऐकल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. मी विचारलं कुणाला खरं वाटतं का. म्हणाला छे, वाट तर सगळ्यांना पाठ आहे, खरं मानणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग म्हणता कशाला, मी विचारलं. त्याने काठी माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, हे मालगाडीलाच विचारायला पाहिजे होतं.

सकाळी आमची टीम शेवटी आली, पण आली.

घरी आले तर त्याची बायको दारातच उभी. तिने विचारलं, कसं असतं हो तिकडे. मी बूट काढत म्हटलं, अगं सगळा चढ आहे, मेला, एक पाऊल उतार नाही.

तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "मला तर हे दर वर्षी सांगायचे, सगळा उतारच असतो."