पोळ्याच्या दिवशीची लाईट

रामाकोन्याला आमच्या डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, घरं आणि संत्र्याच्या बागांच्या मोटारी एकत्रच आहेत. मोटारी सुरू झाल्या की घरातल्या पंख्याची पाती मोजता येतात. त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. बाबांची फुप्फुसं बिघडून घरी ऑक्सिजनची मशीन आली, तेव्हा वाटायला लागलं. नवा ऑटोमॅटिक स्टॅबिलायझर लावला, तर लाईट कमी झाली की तो शहाणा मशीनच बंद करायचा आणि बाबांना धाप लागायची. शेवटी वैतागून मी माळ्यावरचा जुना, हाताने बटण फिरवायचा स्टॅबिलायझर काढला. बटण जितकं पुढे, तितकी लाईट वाढवून देतो. ते शेवटच्या खाचेवर ठेवलं आणि मशीन बिनतक्रार चालू लागली. मला वाटलं, जिंकलो!

यंदा पोळ्याच्या सुमाराला पावसाने दडी मारली होती, म्हणून मोटारी सारख्या चालू. पण ऐन पोळ्याला बैल सजवायचे सोडून बागेला पाणी कोण देणार? दुपारपर्यंत एकेक करत साऱ्या मोटारी बंद झाल्या. घरात लख्ख उजेड पडला, पंखा गरगर फिरायला लागला.

"आज लाईट किती मस्त येऊन राहिली!" पुरणपोळी लाटता लाटता आई म्हणाली. बाबा हसले. मीही हसलो.

तेवढ्यात फाडकन आवाज झाला. बाबांच्या मशीनमधून धूर निघत होता. त्यांचे ओठ जांभळे पडायला लागले आणि डोळे माझ्यावर खिळले. मी नुसता बघत उभा.

"सिलिंडर लाव ना रे, पाहून काय राहिला!" आईने पिठाच्या हातांनी मला ढकललं.

मी राखीव सिलिंडर ओढून चावीने उघडला आणि त्याचा मास्क बाबांच्या तोंडावर लावला. हळूहळू बाबांचे ओठ पुन्हा माणसासारखे दिसायला लागले.

मग डोकं भडकलं. डीपीतून जास्त लाईट सोडली असणार, आता वीजवाल्यांची खैर नाही! तावातावाने स्टॅबिलायझरच्या व्होल्टेज दाखवणाऱ्या काट्याकडे गेलो. बाहेर जाणारी लाईट पाहिली, तर काटा पार टोकाला टेकलेला. छोटं बटण दाबून आत येणारी पाहिली. दोनशे तीस व्होल्ट. मी पुन्हा दाबून पाहिलं. दोनशे तीसच.

डीपीत काहीच बिघाड नव्हता. पाहिजे तेवढीच लाईट घरात येत होती, आणि शेवटच्या खाचेवरचा आमचा डबा तिला रोजच्यासारखाच वाढवत बसला होता. आईला सांगितलं.

"म्हणजे लाईट बराबर आली, म्हणून हे झालं?"

"हो."

तिने बाबांच्या तोंडावरचा मास्क नीट केला.

"मंग आता मोटारी बंद नोका करू म्हणून गावाले हात जोडाव का?"